गोधडी शिवायची तर आधी थर नीट बसवा

टाके वाकडे पडले म्हणून कुठली गोधडी बिघडत नाही. वाकड्या टाक्यांची गोधडीही तेवढीच ऊब देते आणि दिसतेही छान. बिघडते ती थर नीट न बसवता शिवायला घेतलेली गोधडी. मधोमध फुगा येतो, खालच्या बाजूला चुण्या पडतात, एक कोपरा ओढला जातो आणि दोन-तीन धुण्यांत आतलं कापड एका बाजूला गोळा होतं. तरी शिकवणारे बहुतेक जण ठिगळांच्या रंगसंगतीवर तासभर बोलतात आणि थरांचा विषय ‘मग सगळं एकावर एक ठेवून शिवून घ्या’ एवढ्यावर उरकतात. तो विषय असा उरकता येत नाही. म्हणून बाकीचं मी थोडक्यात सांगते आणि थरांबद्दल सविस्तर.

कापड

पुष्कळ वापरलेली, पुष्कळ धुतलेली सुती साडी, लुगडं किंवा धोतर घ्या. नव्या कापडाची वीण घट्ट असते, चार थरांतून सुई काढताना बोटं सोलतात आणि गोधडीही ताठर होते. सिंथेटिक साडी तर मुळीच नको. ती थरांमध्ये घसरते आणि घाम शोषत नाही. शंका असेल तर काठाजवळचा एक धागा ओढून काडीने पेटवा. सुती धागा जळताना जळक्या कागदाचा वास येतो आणि राख बोटांत चुरते. पॉलिस्टरचा धागा वितळतो आणि टोकाला टणक मणी तयार होतो.

जरीचा काठ कापून बाजूला ठेवा. जर अंगाला टोचते आणि शिवणीचा दोराही कापते. साडी उजेडासमोर धरली की विरलेले भाग दिसतात. ते आतल्या थरांत घालायचे, वर-खाली धड कापड. गडद लाल, हिरव्या, जांभळ्या कापडावर ओला पांढरा फडका घासून बघा. रंग जात असेल तर ते कापड वेगळं भिजवून, पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा. मिठाच्या पाण्यात ठेवून रंग पक्का होतो यावर भरवसा ठेवू नका. सगळी कापडं धुऊन, खळ पूर्ण काढून, इस्त्री करून घ्यायची हे वेगळं सांगायला नको.

मापाचा हिशेब सोपा आहे. नऊवारी साधारण २७ फूट, तिचे चार भाग केले की पावणेसात फूट लांबीची चौघडी होते. सहावारी १८ फूट, तिचे तीन भाग केले की सहा फुटांचे तीन थर. रुंदी कापडाच्या पन्ह्याएवढी, म्हणजे ४५ इंचांच्या आसपास. एका माणसाला ही पुरते. घड्या तशाच ठेवून शिवण्यापेक्षा घडीवर कापून थर सुटे करा, कारण घडीपाशी थर एकमेकांना ओढतात आणि मग ते कधीच सपाट बसत नाहीत. आतले थर चारही बाजूंनी इंचभर लहान कापा, म्हणजे कडा आत दुमडताना जाड होत नाहीत. पहिल्यांदाच करत असाल तर मोठी गोधडी घेऊ नका, तीन फूट बाय तीन फुटांचं दुपटं घ्या. ठिगळकाम करायचं असेल तर वरचा थर मशीनवर जोडून घ्या. त्यात काही कमीपणा नाही.

थर लावणं

या टप्प्यानं मला फार छळलं आहे, म्हणून इथे घाई करू देणार नाही.

पलंगावर थर लावू नका. गादी दबते, कापड तिच्याबरोबर खाली जातं आणि वरून सपाट दिसलेली गोधडी उचलल्यावर लोंबते. फरशी हवी. झाडून, पुसून, पूर्ण वाळलेली. सगळ्यात खालचा थर उलटी बाजू वर करून पसरा आणि चारही कडा कागदी चिकटपट्टीने फरशीला चिकटवा. आधी समोरासमोरच्या दोन कडांचे मध्य, मग दुसऱ्या दोन कडांचे मध्य, कोपरे शेवटी. कोपऱ्यांपासून सुरुवात केली की कापड तिरकं ओढलं जातं.

कापड सपाट हवं, पण ताणलेलं नको. बहुतेकांचं काम बिघडतं ते इथेच. सुरकुत्या जाव्यात म्हणून माणसं खालचा थर ओढून ओढून बसवतात. फरशीवर ते सुंदर दिसतं. चिकटपट्टी काढली की ताणलेलं कापड मागे येतं, वरचे थर तेवढेच राहतात आणि वर बारीक चुण्या उभ्या राहतात. तळहात कापडावरून फिरवताना कापड हाताबरोबर सरकायला नको, पण नखाने टिचकी मारल्यावर ढोलकीसारखं ताठही वाटायला नको. जुनी साडी आडवी जास्त ताणते आणि तिरकी तर हवी तेवढी ताणते. म्हणून सगळ्या थरांचे उभे धागे एकाच दिशेने ठेवा. कापड वाचवायला एखादा तुकडा आडवा घालण्याचा मोह होतो, तो आवरा. असा तुकडा धुण्यात वेगळा आटतो आणि त्या जागी गोधडी कायमची आखडते.

आता प्रत्येक थराचा मध्य घडी घालून शोधा आणि मध्यावर मध्य ठेवा. कापड मधून बाहेर, दोन्ही तळहातांनी सारत न्यायचं. एक थर पूर्ण बसल्याशिवाय दुसरा टाकायचा नाही. चारही थर एकदम टाकून वरून हात फिरवला तर फक्त वरचा सपाट होतो आणि आतल्यांचं काय झालंय ते कळत नाही. पंखा बंद ठेवा. कोपऱ्यांवर वरवंटा, जाड पुस्तकं, जे जड असेल ते ठेवा.

मग कच्चे टाके घालून टाचून घ्यायचं. दोरा गोधडीच्या रंगाहून वेगळा, पण पांढरा किंवा फिका. गडद दोऱ्याचा रंग उतरू शकतो. दोन-दोन इंचांचे लांब टाके. पहिली ओळ मध्यापासून एका कडेला, दुसरी मध्यापासून समोरच्या कडेला, मग आडव्या दोन, मग कोपऱ्यांकडे तिरक्या चार. दर वेळी मध्यापासून निघायचं, म्हणजे उरलेला झोळ बाहेर ढकलला जातो. त्यानंतर पंजाएवढं अंतर सोडून उभ्या-आडव्या ओळी घालून जाळी पूर्ण करा. फरशीवर सुईचं टोक वर येत नाही, ते डाव्या हातातल्या स्टीलच्या चमच्याच्या कडेवर घ्या. टोक चमच्यावर चढलं की सुई आपोआप वर वळते, कापड उचलावं लागत नाही. कापड एकदा उचललं की थर सरकलेच म्हणून समजा.

गोधडीवर गुडघे टेकून पुढे सरकू नका. एका गुडघ्याने अर्धा इंच झोळ सहज सरकतो. साडीच्या पन्ह्याएवढी रुंदी असेल तर मध्य कुठल्याही लांब कडेपासून दोन फुटांच्या आत येतो, बाजूला बसून हात पोचतो. कंबर धरली तर उठा, चहा घ्या, पण काम अर्धं टाचून रात्रभर सोडू नका.

टाके टाळायला सेफ्टीपिना लावा असं सांगतात. चार दिवसांत शिवून होणार असेल तर ठीक. महिना-दोन महिने काम चालणार असेल, आणि हौशी माणसाचं चालतंच, तर पावसाळी हवेत पिना गंजतात आणि गंजाचे तपकिरी डाग निघत नाहीत. फवारायच्या गोंदाबद्दल माझं मत याहून वाईट आहे. तो सुईला चिकटतो, आणि अंगावर घ्यायच्या, त्यातून बाळाच्या, पांघरुणात मला तो नकोच.

टाचून झाल्यावर चिकटपट्टी काढा, गोधडी उलटी करा आणि खालच्या बाजूवरून तळहात फिरवा. कुठे उंचवटा लागला तर तेवढ्याच चौकटीतले कच्चे टाके उसवून तो भाग पुन्हा टाचा. पुढे शिवताना तो झोळ जिरेल, असं स्वतःला सांगू नका. तो जिरत नाही. टाक्यांपुढे सरकत सरकत कुठेतरी जमतो आणि तिथे पक्का होतो.

टाके मधून बाहेर की कडेने आत?

यावर दोन सल्ले मिळतात, आणि ते एकमेकांत मिसळले की गोधडी फसते. आपल्याकडच्या अनेक बायका कडेपासून सुरू करून चौकोनात फिरत मध्याकडे येतात. कर्नाटकात उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड भागातल्या सिद्दी बायका कवंदी, म्हणजे त्यांची ठिगळांची गोधडी, शिवतात तीही अशीच. आफ्रिकी वंशाचा हा समाज, त्यांच्यातल्या अनेकांचे पूर्वज गोव्यातून तिकडे गेले. पण कवंदीत वरचा थर आधी जोडलेला नसतो. एक ठिगळ ठेवायचं, शिवायचं, त्याला लागून पुढचं ठेवायचं, असं चालतं. झोळ आला तर पुढचं ठिगळ थोडं सरकवून जिरवता येतो. मध्यावरचं शेवटचं ठिगळ उरलेल्या जागेच्या मापाचं असतं, म्हणून फुगा येत नाही. चार कोपऱ्यांवर त्या कापडाच्या त्रिकोणी घड्यांची फुलं लावतात, त्याशिवाय कवंदी पूर्ण झाली असं मानत नाहीत.

तुमचा वरचा थर अख्खी साडी असेल किंवा मशीनवर आधीच जोडलेला असेल, तर कडेपासून आत येऊ नका. सगळा झोळ मध्यात कोंडला जाईल. मध्यापासून बाहेर चला. ठिगळं एकेक ठेवून शिवणार असाल तर कडेपासून आत या. एवढं पाळलं तरी निम्मी भांडणं मिटतात.

बाकी शिवण सोपी आहे. लांब सुई, मोठं नेढं, जाड सुती दोरा, दीड हाताहून लांब घेऊ नका. मधल्या बोटात अंगुस्तान. साधा धावदोरा, पाव इंचाचा टाका, दोन ओळींत बोटभर अंतर. सुईवर चार-पाच टाके भरून मग दोरा ओढा, आणि खालच्या हाताच्या बोटाला सुईचं टोक दर टाक्याला लागलं पाहिजे, नाहीतर खालचा थर सुटलेला असतो. दोरा आवळू नका. गाठ थरांच्या आत लपवा. कडा आत दुमडून हातशिलाई घाला. कच्चे टाके अगदी शेवटी काढा.

धुणं आणि ठेवणं

थंड पाणी, रिठा किंवा सौम्य साबण. पिळायची नाही, दाबून पाणी काढायचं आणि दोन दोऱ्यांवर पसरून सावलीत वाळवायची. एकाच दोरीवर टाकली तर ओल्या वजनाने मधले टाके ताणतात.

गोधडी ठेवताना लोक प्लास्टिकच्या पिशवीत बांधतात. आत राहिलेला दमटपणा बाहेर पडत नाही आणि कोकणातल्या पावसात तर दसऱ्यापर्यंत बुरशी धरते. धुतलेल्या, बिनखळीच्या मांजरपाटात किंवा जुन्या सुती चादरीत गुंडाळा. खळ असेल तर कसर हमखास लागते. लाकडी फडताळात कापड थेट फळीवर ठेवू नका. लाकडातल्या आम्लाने काही वर्षांत पिवळे पट्टे उमटतात, म्हणून मध्ये कापडाचा थर हवाच. दर तीन-चार महिन्यांनी बाहेर काढून वेगळ्या रेषेवर घडी घाला. वर्षानुवर्षं एकाच घडीवर ठेवलेलं जुनं सूत तिथेच फाटतं. त्याहून बरं म्हणजे पुठ्ठ्याच्या नळीवर कापड गुंडाळून गोधडी त्यावर वळकटीने ठेवा.

कडुनिंबाचा वाळलेला पाला किंवा वेखंड पुरचुंडीत बांधून ठेवा, थेट कापडावर नको. आणि एक गोष्ट निक्षून सांगते: बाळाच्या दुपट्यांत डांबरगोळ्या कधीही ठेवू नका. त्यातलं नॅफ्थलीन, जी-६-पी-डी हे विकर (एन्झाइम) जन्मतः कमी असलेल्या बाळांच्या तांबड्या पेशी फोडतं आणि कावीळ होऊ शकते. कुठल्या बाळात ते कमी आहे हे घरात आधी माहीत नसतं.

भिंतीवर लावायची असेल तर

जरूर लावा. अमेरिकेत अलाबामातल्या जीज बेंड या खेड्यातल्या कृष्णवर्णीय बायकांनी कामाच्या जुन्या कपड्यांतून शिवलेल्या गोधड्या २००२ मध्ये ह्यूस्टनच्या आणि मग न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात लागल्या, २००६ मध्ये त्यांची टपाल तिकिटं निघाली. आपल्या लुगड्याची गोधडी दिवाणखान्यात लावायला संकोच कसला?

पण खिळे नकोत, चिमटेही नकोत. मागच्या बाजूला वरच्या कडेलगत, पूर्ण रुंदीची चार इंचांची कापडी नळी शिवा आणि तिच्यातून दांडी घाला, म्हणजे वजन सगळ्या रुंदीवर वाटलं जातं. नळीचे टाके मागच्या आणि आतल्या थरांतून घ्या, पुढे दिसू देऊ नका. भिंतीपासून दोन बोटं अंतर ठेवा, पावसाळ्यात ओल धरणारी बाहेरची भिंत टाळा. उन्हाची तिरीप येते तिथे मुळीच नको. संग्रहालयं जुन्या कापडावर ५० लक्सपेक्षा जास्त उजेड पडू देत नाहीत, घरात एवढं जमणार नाही, पण खिडकीसमोरची भिंत सोडता येते. तीन-चार महिने लावली की उतरवून तेवढेच महिने गुंडाळून ठेवा आणि तोवर दुसरी लावा.

मागच्या कोपऱ्यात एक लहान पट्टी लावून तिच्यावर नाव, साल आणि आत कुणाकुणाची लुगडी आहेत ते उलट्या टिपेने भरा. शाईच्या पेनाने लिहू नका, बहुतेक शाई पहिल्याच धुण्यात पसरते. पट्टी गोधडीला लावण्याआधी भरून घ्या, नाहीतर भरतकामाच्या गाठी पुढच्या बाजूला उमटतात.