एक गळा, एक गिटार: एकट्याचा अल्बम घरी रेकॉर्ड करताना

बँड वाजत असताना पंख्याची घरघर ढोलकीखाली दडते. नुसता गळा आणि गिटार असेल तेव्हा ती दडायला जागाच नसते. खुर्चीची कुरकुर, शर्टाचं बटण गिटारच्या पाठीला घासणं, खालच्या मजल्यावरचा पाण्याचा पंप, सगळं ऐकू येतं. आणि गाणं जितकं हलक्या आवाजातलं तितकं ते जास्त टोचतं. त्यामुळे अशा अल्बमचा निम्मा खटाटोप माइकसमोर बसण्याआधीचा असतो. पैसेही त्याच क्रमाने घालावेत: आधी खोली, मग तारा, शेवटी माइक. बहुतेक जण नेमकं उलटं करतात.

गाणी किती आणि कुठली

या जातीच्या अल्बमचं माप घ्यायचं तर इंग्लिश गायक-गिटारवादक निक ड्रेकचा १९७२ सालचा 'पिंक मून' बघावा. ऑक्टोबर १९७१ मध्ये लंडनच्या साउंड टेक्निक्स स्टुडिओत, जॉन वुड या ध्वनिमुद्रकाबरोबर तो झाला. ११ गाणी, सगळी मिळून साधारण २८ मिनिटं. गळा आणि गिटार. शीर्षकगीतात तेवढे वरून पियानोचे थोडे सूर. एकच आवाज आणि एकच वाद्य ऐकताना अर्ध्या तासानंतर कान थकतो, त्यामुळे १५ गाणी तयार असली तर ४-५ गाळायचीच.

गाळण्यासाठी वहीत चार रकाने आखा: पट्टी, लय, ट्यूनिंग, पहिला शब्द. स्वतःशी बोलणाऱ्या गाण्यांचा ठरलेला घोटाळा लगेच दिसेल. दहातली सात गाणी मिनिटाला ७० ते ८० ठोक्यांची, पट्टी पांढरी दोन (गिटारवरचा डी), आणि सुरुवात 'मी' किंवा 'तू'ने. एकेक गाणं चांगलं असतं, सलग ऐकलं की एकच लांबलचक गाणं वाटतं. दोन गाण्यांना कॅपो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) लावून पट्टी चढवा, एखादं सहा मात्रांच्या दादऱ्यात बसवून बघा, एखाद्यात पहिलं कडवं गिटारशिवाय गा. शब्द न बदलताही बरंच काम होतं.

ट्यूनिंग बदलणं हा आणखी एक उपाय. १९६०च्या दशकात इंग्लंडमध्ये गिटारवादक डेव्ही ग्रॅहम यांच्यामुळे रुळलेलं डी-ए-डी-जी-ए-डी हे ट्यूनिंग मराठी कानाला परकं वाटत नाही. नेहमीच्या ट्यूनिंगमधून पहिली, दुसरी आणि सहावी तार प्रत्येकी दोन पडद्यांइतकी (फ्रेट) उतरवा. पांढरी दोन हा सा धरला की सहा तारा सा-प-सा-म-प-सा अशा लागतात. मोकळ्या छेडल्या तरी तानपुऱ्यासारखा आधार मिळतो. यात बिघडतं ते असं: उतरवलेल्या तारा सैल पडून खालच्या पडद्यांवर खरखरतात. बरीच गाणी याच ट्यूनिंगमध्ये असतील तर १२-५३च्या ऐवजी १३-५६चा जाड तारांचा संच घाला. तारांचा ताण बदलला की मानही किंचित हलते आणि पुढची १०-१५ मिनिटं सूर सरकत राहतो. एका ट्यूनिंगची गाणी शक्यतो एकाच बैठकीत उरका ते त्यासाठीच.

शब्दांकडेही गाण्याच्या कानाने बघा. चाल आधी गुणगुणून मग त्यात मराठी शब्द कोंबले की ऱ्हस्व-दीर्घाची मोडतोड होते. 'पाणी'तला 'पा' आखडला आणि 'कविता'तला 'क' ताणला तर ऐकणाऱ्याला गाणं अनुवादित वाटतं, कारण मात्र सांगता येत नाही. ओळीच्या शेवटी 'एकांत', 'पाऊस' असे व्यंजनावर मिटणारे शब्द आले तर धरून ठेवायला स्वर उरत नाही. मग 'एकांऽऽत' असं मधला स्वर लांबवून 'त' अगदी शेवटी मिटवावा लागतो. लांबवण्याच्या नादात 'एकांता' म्हटलं की अर्थ बदलतो. ज्या ओळीवर खूप रेंगाळायचं आहे ती आ, ई, ओ अशा स्वरावर संपवलेली बरी.

गिटार

नव्या तारा रेकॉर्डिंगच्या आदल्या दिवशी चढवा आणि तासभर वाजवा. अगदी कोऱ्या तारांवर बोटं सरकताना चिर्र आवाज येतो, जुन्या तारा मंद पडतात आणि वरच्या पडद्यांवर बेसूर होतात. चिर्र जास्त असेल तर लेपवाल्या तारा बऱ्या. सुरात लावताना तार नेहमी खालून वर आणा. वरून खाली आणली तर खुंटीतली ढील राहते आणि दुसऱ्या कडव्यात सूर पडतो. लावताना नटपाशी (मानेच्या टोकाची खाचांची पट्टी) 'टिक' असा आवाज आला तर तार खाचेत अडकते आहे. खाचेत पेन्सिलीचं शिसं घासा.

कोकणात, मुंबईत पावसाळ्यात गिटारचं लाकूड फुगतं, तारा पडद्यांपासून वर उचलल्या जातात आणि वाजवणं जड होतं. विदर्भात उन्हाळ्यात उलटं, लाकूड आकसून भेगा पडायची भीती. वाद्याजवळची आर्द्रता ४५ ते ५५ टक्के असावी. साधा डिजिटल आर्द्रतामापक गिटारच्या पेटीत ठेवला तरी अंदाज येतो.

खोली

अंड्यांचे ट्रे भिंतीला चिकटवू नका. त्यांनी आवाज अडतही नाही आणि शोषलाही जात नाही, नुसती झुरळं येतात. कपड्यांनी भरलेलं उघडं कपाट, पलंगावरची कापसाची गादी, पाठीमागे दोरीवर दोन थरांत टांगलेल्या जाड गोधड्या यांनी वरच्या सुरांची भणभण बरीच मरते. गोधडी भिंतीला चिकटवण्यापेक्षा १० सेंटिमीटर पुढे टांगली तर जास्त काम करते. खालचा घुमारा मात्र गोधडीने जात नाही. त्यासाठी कोपऱ्यापासून दूर बसा. चौकोनी खोलीच्या बरोबर मध्यभागीही बसू नका, तिथे काही खालचे सूर गायब होतात.

वेळ रात्री ११ नंतरची. पहाटे कबुतरं सुरू होतात, पावसाळ्यात रातकिडे. पंखा आणि एसी बंद, त्यामुळे सलग २० मिनिटांहून जास्त बसवत नाही; गाणी त्या बेताने घ्या. फ्रिज बंद करताना स्कूटरची किल्ली फ्रिजमध्ये ठेवून द्या, म्हणजे सकाळी तो परत सुरू करायचा राहत नाही.

लॅपटॉप बॅटरीवर चालवा. तरीही गुणगुण येत असेल आणि इंटरफेसच्या (माइक लॅपटॉपला जोडणारी पेटी) धातूच्या भागाला हात लावल्यावर ती कमी होत असेल, तर दोष अर्थिंगचा आहे. इलेक्ट्रिशियनला बोलवा, प्लगची अर्थ पिन काढून टाकू नका. डिमर लावलेले दिवेही बंद ठेवा.

माइक

अमेरिकन गायक ब्रूस स्प्रिंगस्टीनचा 'नेब्रास्का' (१९८२) घरात, चार ट्रॅकच्या कॅसेट रेकॉर्डरवर, एसएम ५७ या साध्या डायनॅमिक जातीच्या दोन माइकनी झाला. तेव्हा माइकच्या किमतीवर फार अडून बसू नका. साधारण खोलीत डायनॅमिक माइक उलट सोयीचा, कारण तो जवळूनच वापरायचा असतो आणि खोली कमी उचलतो. हळू आवाजाला त्याला ५०-६० डेसिबल गेन (इंटरफेसवर आवाज वाढवणं) लागतो, आणि स्वस्त इंटरफेसमधून तिथे बारीक खरखर येऊ लागते. कंडेन्सर या जास्त संवेदनशील माइकला ४८ व्होल्टचा फँटम पुरवठा (इंटरफेसमधून माइकला मिळणारी वीज) सुरू करावा लागतो.

एकाच माइकची पद्धत सगळ्यात कमी डोकेदुखीची. कंडेन्सर तोंडापासून ४५-५० सेंटिमीटरवर, उंची हनुवटी आणि गिटारचं छिद्र यांच्या मध्ये, रोख छातीकडे. २० सेकंद रेकॉर्ड करा, ऐका, हलवा. गिटार चढली तर माइक ५ सेंटिमीटर वर घ्या, गळा चढला तर खाली. ही जुळणी नंतर मिक्समध्ये बदलता येत नाही, म्हणून इथे अर्धा तास गेला तरी चालेल. जमलं की स्टँड आणि खुर्चीच्या पायांशी फरशीवर चिकटपट्टीच्या खुणा करा.

दोन माइक लावायचे तर गिटारचा १२व्या पडद्यासमोर २०-२५ सेंटिमीटरवर, किंचित मान-धड जोडाकडे वळवून. छिद्रासमोर नको: मोठ्या धडाच्या गिटारची आतली हवा १०० हर्ट्झच्या आसपास घुमते आणि सहाव्या तारेवरचा तिसऱ्या पडद्याचा जी (९८ हर्ट्झ) एकटाच ढम्म वाजतो. गळ्याचा माइक तोंडापासून १५-२० सेंटिमीटर, मध्ये फुंकर अडवणारा पॉप फिल्टर. मराठीत भ, फ, ख, घ यांची रेलचेल असल्याने फुंकर जास्त बसते. माइक थोडा बाजूला ठेवून त्याच्या शेजारून गा.

दोन माइकचा खरा त्रास वेगळाच. गळा गिटारच्या माइकमध्येही शिरतो, पण उशिरा: दर ३४ सेंटिमीटरला १ मिलिसेकंद. दोन्ही आवाज एकत्र झाले की काही सूर कापले जातात आणि गळा पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा लागतो. तपासायची रीत सोपी आहे. ऐकताना गिटारचा माइक बंद करा. गळा एकदम भरदार झाला तर घोळ हाच. गिटारचा माइक खाली झुकवून त्याची पाठ तोंडाकडे करा. आठच्या आकाराच्या पॅटर्नचे (पुढून आणि मागून ऐकणारे) माइक असतील तर फारच छान: त्यांना ९० अंशांवर जवळजवळ काहीच ऐकू येत नाही, तेव्हा गळ्याच्या माइकची ती बहिरी बाजू गिटारकडे आणि गिटारच्या माइकची तोंडाकडे वळवायची.

आधी गिटार आणि मग वेगळा गळा, ही तिसरी पद्धत स्वच्छ आहे, पण या प्रकारच्या गाण्यात टाळावी. ओळीच्या शेवटी गळा थबकतो तिथे हातही थबकायला हवा, आणि ते वेगवेगळं रेकॉर्ड करून जमत नाही.

टेक

रेकॉर्डिंगची सेटिंग: २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ. सगळ्यात मोठ्याने गायची ओळ गाऊन तिचं शिखर उणे १२ ते उणे १० डेसिबलवर येईल एवढा गेन ठेवा. आवाज बारीक वाटतो म्हणून गेन चढवण्याचा मोह होतो. मग एका ओळीत क्लिप होतं (आवाज फाटतो) आणि ते दुरुस्त होत नाही. ठोके देणारा मेट्रोनोम हेडफोनमधून गळतो, तेव्हा गाण्याआधी चार आवर्तनं ऐकून तो बंद करा.

प्रत्येक गाण्याचे सलग तीन टेक (अख्ख्या गाण्याची रेकॉर्डिंगं), प्रत्येक टेकआधी परत ट्यूनिंग, आणि एका रात्रीत तीनच गाणी. दोन टेक जोडायची वेळ आली तर लय आणि सूर दोन्ही जुळायला लागतात, हे ठोके लिहून ठेवण्याचं कारण. मध्येच कुकरची शिट्टी झाली तर उठू नका, हलू नका; शिट्टी संपली की मागच्या ओळीपासून पुन्हा धरा. दर बैठकीला ३० सेकंद काहीही न करता खोलीची शांतता रेकॉर्ड करून ठेवा, जोड भरायला लागते.

जोड श्वासाच्या जागी किंवा 'क', 'त'सारख्या कडक व्यंजनाच्या आधी द्या, १०-२० मिलिसेकंदांच्या क्रॉसफेडने (एक टेक विरत असताना दुसरा चढतो). श्वास पुसून टाकू नका, नाहीतर गाणारा माणूस वाटत नाही. खुपला तर ४-६ डेसिबल कमी करा.

मिक्स आणि पुढचं

गळ्याचे ८० हर्ट्झखालचे सूर कापा (काट). एकाच माइकवर हा आकडा वापरू नका: सहावी तार डीपर्यंत उतरवलेली असली तर ती ७३ हर्ट्झवर वाजते, काट ६०च्या खालीच ठेवा. कॉम्प्रेशन (मोठा आवाज थोडा दाबणं) २:१, त्याची सुई ३ डेसिबलपेक्षा जास्त हलू नये. रिव्हर्ब (वरून घातलेला घुमारा) एकच, सव्वा ते दीड सेकंदाचा, २०-३० मिलिसेकंद उशिरा सुरू होणारा, म्हणजे व्यंजनं स्वच्छ राहतात. नॉइज रिडक्शन ६ डेसिबलच्या पुढे नेलं तर आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो.

मास्टरमध्ये (प्रकाशनासाठीची शेवटची फाइल) शिखर उणे १ डेसिबल. स्पॉटिफाय सर्वसाधारणपणे उणे १४ एलयूएफएसवर (गाणं सरासरी किती मोठं वाटतं त्याचं माप) आवाज आणतं, पण असा अल्बम उणे १६वर ठेवला तरी काही बिघडत नाही. सगळ्यात हळू गाणं इतरांच्या बरोबरीला खेचू नका. सलग अल्बम ऐकताना गाण्यांमधला हा फरक तिथे जपला जातो.

क्रम लावताना ट्यूनिंग आणि पट्टी सलग तीनदा एकच येऊ देऊ नका. दोन गाण्यांमध्ये २ ते ४ सेकंद.

दुसऱ्याच्या कवितेला चाल लावली असेल तर हक्क आधी तपासा. कवीच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं हक्क राहतो. कुसुमाग्रज १९९९ मध्ये गेले, म्हणजे २०५९ संपेपर्यंत परवानगी लागणार. संतांच्या मूळ अभंगांना ती अडचण नाही, पण ऐकलेली चाल कुणा संगीतकाराची असू शकते. गीतकार-संगीतकार म्हणून स्वतःची नोंद आयपीआरएसकडे (गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणारी संस्था) करा. प्रत्येक गाण्याच्या रेकॉर्डिंगची ओळख पटवणारा, अक्षरं आणि अंक मिळून १२ चिन्हांचा आयएसआरसी क्रमांक बहुतेक वितरक (गाणी स्पॉटिफायसारख्या ठिकाणी पोचवणारे) देतात. कलाकाराचं नाव प्रत्येक वेळी एकाच लिपीत, एकाच स्पेलिंगने भरा, नाहीतर एका माणसाची दोन प्रोफाइलं तयार होतात.

फाइल चढवण्याआधी प्रत्येक गाण्याची पहिली दोन सेकंद हेडफोनवर ऐका. गाणं सुरू होण्याआधीचा श्वास फेडमध्ये अर्धा कापला गेला असेल तर तो इथेच सापडतो.