पायपर चेरोकीच्या स्पारची तपासणी: ती आपल्या विमानाला लागू होते का, हे मालकाने कसे ठरवावे

पंखाचा भार पेलणाऱ्या आतल्या मुख्य तुळईला, म्हणजे स्पारला, चीर गेली आहे का ते तपासायला सांगणारा, अमेरिकेच्या एफएए या विमान वाहतूक नियामक संस्थेचा एडी (एअरवर्दीनेस डायरेक्टिव्ह, म्हणजे उड्डाणयोग्यतेचा सक्तीचा आदेश) २०२०-२६-१६ हा १६ फेब्रुवारी २०२१ रोजी अमलात आला. पायपरच्या पीए-२८ (चेरोकी) आणि पीए-३२ या कुळांतील ठरावीक मॉडेलांच्या मालकांना तेव्हापासून दोन चिंता आहेत. पंखात चीर असेल का ही पहिली, आणि ती शोधण्यासाठी घट्ट बसलेले बोल्ट काढताना चांगल्या पंखालाच इजा होईल का ही दुसरी. दोन्ही चिंता रास्त आहेत. मात्र मेकॅनिकला बोलावण्याआधी मालकाने स्वतः लॉगबुके (विमानाच्या उड्डाण-तासांच्या आणि देखभालीच्या नोंदवह्या) घेऊन हिशेबाला बसावे, कारण अनेक विमानांच्या बाबतीत पाना हाती घेण्याची वेळच येत नाही.

या आदेशामागची घटना ४ एप्रिल २०१८ची आहे. फ्लोरिडातील डेटोना बीच येथे एम्ब्री-रिडल विद्यापीठाच्या पीए-२८आर-२०१ विमानाचा डावा पंख उड्डाणात तुटला आणि विमानातील दोघांचाही मृत्यू झाला. स्पारच्या खालच्या पट्टीत, बोल्टच्या छिद्रापाशी, वारंवार पडणाऱ्या ताणामुळे चीर वाढत गेली होती. ते विमान २००७ साली बनलेले होते, पण त्याचे साडेसात हजारांहून अधिक तास उड्डाण झाले होते, आणि तेही प्रामुख्याने प्रशिक्षणात, जिथे कमी उंचीवरच्या कसरती आणि एकामागून एक उतरणी चालतात. म्हणूनच आदेशात विमानाच्या जन्मसालाला महत्त्व नाही. ते किती तास आणि कोणत्या कामासाठी उडाले, याला आहे.

हा हिशेब किमान प्रायव्हेट पायलट परवाना असलेला मालकही करू शकतो, मात्र त्याची नोंद विमानाच्या कागदपत्रांत करावी लागते. प्रथम विमान नवे असल्यापासूनच्या १००-तासी तपासण्या (भाड्याच्या किंवा प्रशिक्षणाच्या विमानाला दर १०० उड्डाण-तासांनी लागणाऱ्या) मोजाव्यात. इथेच चूक होण्याचा संभव सर्वांत जास्त असतो, कारण पाहायचा तो तपासणीचा हेतू, नोंदीवरचा मथळा नव्हे. विमान भाड्याने किंवा प्रशिक्षणासाठी चालत असताना नियमानुसार आवश्यक असलेली तपासणी ‘वार्षिक’ म्हणून लिहिलेली असली तरी ती मोजावी लागते. उलट, खासगी मालकाने केवळ वार्षिक तपासणीची अट पुरी करण्यासाठी केलेली तपासणी ‘१००-तासी’ या नावाने नोंदलेली असली तरी ती मोजण्याची गरज नाही. दोन नोंदींमध्ये दहा महिन्यांपेक्षा कमी काळ आणि साधारण ९० ते ११० तासांचे उड्डाण दिसले, तर विमान त्या काळात भाड्याच्या कामात होते असे समजावे.

या संख्येला १००ने गुणावे. विमानाच्या एकूण तासांतून तो गुणाकार वजा करून उरलेल्या तासांना १७ने भागावे, आणि आलेला भागाकार त्या गुणाकारात मिळवावा. समजा, दोन विमानांचे प्रत्येकी ६,८०० तास झाले आहेत. पहिल्याच्या अशा तपासण्या २४ असतील, तर २,४०० अधिक ४,४०० भागिले १७, म्हणजे सुमारे २,६५९ येतात. दुसऱ्याच्या ६२ असतील, तर ६,२०० अधिक ६०० भागिले १७, म्हणजे सुमारे ६,२३५. मर्यादा ५,००० आहे, म्हणून पहिल्या विमानाला तूर्त तपासणी लागत नाही. ज्याचा आकडा मर्यादेला पोहोचला आहे, त्याची मात्र पुढील १०० उड्डाण-तासांच्या आत करावी लागते. कोरा नवा स्पार बसवला असेल, तर त्या बाजूची मोजणी तो बसवल्यापासून करावी. वापरलेला स्पार बसवला असेल किंवा नोंदी अपुऱ्या असतील, तर तपासणी अटळ आहे. हरवलेल्या लॉगबुकाची भरपाई अंदाजाने करू नये. पंखाच्या बाबतीत अंदाजावर विसंबण्यापेक्षा तपासणीचा खर्च सोसणे मला योग्य वाटते.

तपासणी प्रत्येक पंखाच्या मुख्य स्पारच्या खालच्या, बाहेरील बाजूच्या दोन बोल्ट-छिद्रांची होते. छिद्रात एडी करंटचा (धातूत भोवऱ्यासारखा फिरणारा विद्युतप्रवाह; वरच्या एडी आदेशाशी या नावाचा संबंध नाही) प्रोब, म्हणजे तपासणीची सळई, फिरवला जातो. त्यातील वेटोळ्यामुळे ॲल्युमिनियममध्ये सूक्ष्म प्रवाह निर्माण होतात आणि चीर असेल तर ते विस्कळीत होतात. बोल्ट जागेवर असताना चीर डोळ्यांना दिसू शकत नाही, म्हणून तो काढावाच लागतो. छिद्राच्या आत पडलेला ओरखडा पुढे चिरेचे मूळ ठरू शकतो, त्यामुळे मालकांची भीती अनाठायी नाही. काम देण्यापूर्वी मेकॅनिकने या स्पारचे बोल्ट पूर्वी काढले आहेत का आणि ते काढताना पंखाचा भार कसा पेलणार आहे, हे स्पष्ट विचारावे. प्रोब चालवणारी व्यक्ती एनएएस ४१० या, अशा तपासणी करणाऱ्यांच्या पात्रतेच्या, मानकाच्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या पातळीची प्रमाणित असल्याचा कागदही पाहावा. ही व्यक्ती सहसा बाहेरून बोलवावी लागते, तेव्हा एकाच विमानतळावरच्या काही मालकांनी मिळून एकच दिवस ठरवला तर तिच्या प्रवासाचा खर्च वाटला जातो.

चीर आढळली तर स्पार बदलल्याशिवाय पुढचे उड्डाण करता येत नाही. निकाल काहीही आला तरी त्याचा अहवाल ३० दिवसांत पाठवावा लागतो. अमेरिकेत असे विमान विकत घेऊ पाहणाऱ्या, किंवा त्यात भागीदारी घेऊ पाहणाऱ्या मराठी वाचकाने विक्रेत्याकडून हा हिशेब नोंदींसह लेखी मागावा आणि रक्कम देण्यापूर्वी तो स्वतः पुन्हा करून पाहावा.