आयपी रेंजचे सीआयडीआर ब्लॉक करताना या चुका टाळा

फायरवॉलला ‘या पत्त्यापासून त्या पत्त्यापर्यंत’ अशी आयपी रेंज चालत नसेल, तर ती सीआयडीआरमध्ये, म्हणजे सुरुवातीचा पत्ता आणि त्यापुढे /२६ सारखा प्रीफिक्स अशा ब्लॉकांत, मोडून द्यावी लागते. /३२ म्हणजे एक पत्ता, /३१ म्हणजे दोन, /३० म्हणजे चार, असा प्रीफिक्स एकाने कमी झाला की ब्लॉक दुप्पट होतो. बहुतेक जण नुसते पत्ते मोजतात, जवळचा प्रीफिक्स लावतात आणि मोकळे होतात. घोळ तिथेच होतो. ब्लॉकमधले पत्ते १, २, ४, ८, १६ असे दोनाच्या घातातच असतात, हे सगळ्यांना माहीत असतं. पण ब्लॉकची सुरुवातही त्याच आकड्याने भाग जाणाऱ्या पत्त्यावर व्हावी लागते, हे विसरलं जातं.

१९२.१६८.१.१० ते १९२.१६८.१.५० ही रेंज घ्या. ५० वजा १० म्हणजे ४०, असं करू नका. दोन्ही टोकं धरून ४१ पत्ते होतात. आता ६४ पत्त्यांचा ब्लॉक पुरेल म्हणून १९२.१६८.१.१०/२६ लिहिलं, तर पायथनचं आयपीअ‍ॅड्रेस मॉड्यूल किंवा पोस्टग्रेस डेटाबेसचा सीआयडीआर टाइप एरर देतो, आणि ते बरंच आहे. बरीच साधनं मात्र काही न बोलता १९२.१६८.१.०/२६ धरतात, म्हणजे ० ते ६३. नको असलेले २३ पत्ते आत आले. परवानगीच्या यादीत असं झालं तर तो सरळ सुरक्षेचा प्रश्न आहे.

बरोबर पद्धत अशी: सुरुवातीचा पत्ता दोनाच्या ज्या सर्वांत मोठ्या घाताने भागला जातो तो बघा, उरलेल्या पत्त्यांत मावेल असा सर्वांत मोठा घात बघा, आणि दोन्हींतला लहान घ्या. १० ला २ ने भाग जातो, ४ ने नाही, म्हणून १०/३१ (इथे पत्त्याचा शेवटचा आकडाच लिहिला आहे). पुढे १२/३०, १६/२८, ३२/२८. आता ४८ ला १६ ने भाग जातो खरा, पण उरलेत तीनच पत्ते. म्हणून ४८/३१ आणि शेवटी ५०/३२. बेरीज करा: २, ४, १६, १६, २, १. बरोबर ४१. ही बेरीज दर वेळी करा, त्यात बहुतेक चुका सापडतात.

.१ ते .२५४ म्हणजे /२४ (० ते २५५) नव्हे. नेमकी तेवढीच रेंज हवी असेल तर १४ ब्लॉक होतात. ० आणि २५५ आत आले तर चालतील का, हे रेंज देणाऱ्यालाच विचारा. अंदाजाने ठरवू नका.

स्वतः स्क्रिप्ट लिहीत असाल तर पत्ते आधी संख्येत बदला. मजकूर म्हणून क्रम लावला की १०.०.०.९ हा १०.०.०.१० च्या नंतर येतो. संख्या अनसाइन्ड (ऋण न होणारी) ठेवा, नाहीतर १२८.०.०.० पासून पुढचे पत्ते ३२ बिटांत ऋण होतात. २५५.२५५.२५५.२५५ ला संपणारी रेंजही तपासून बघा. तिथे एक मिळवलं की संख्या शून्यावर जाऊ शकते आणि लूप थांबत नाही. ०१० सारखे पुढे शून्य असलेले आकडे तर स्वीकारूच नका, काही साधनं ते अष्टमान समजून ८ वाचतात.

आणि आधी एवढं बघा की रूपांतर करायची गरज आहे का. लिनक्सच्या फायरवॉल साधनांपैकी एनएफटेबल्स रेंज थेट घेतं, आयपीटेबल्सलाही त्यासाठी आयपीरेंज मॉड्यूल आहे.