घाटावरून समुद्रावर जाताय? दीपगृह आणि बोया कसे वाचायचे ते आधी शिका

माझा भाचा खानापूरचा, बारावी झाली आणि आता जीपी रेटिंगच्या, म्हणजे जहाजावरच्या खलाशाच्या कोर्सला जायचं म्हणतोय, परवा फोनवर विचारला "मामा तिथे लाल हिरवं काय असतंय ते सांग की एकदा", म्हटलं नुसतं सांगून उपयोग नाही, लिहूनच देतो, म्हणजे आपल्याकडच्या बाकी पोरांनाही होईल. बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या पोरांना एकच अडचण आहे बघा, समुद्र रोजचा नाही. मालवण वेंगुर्ल्याच्या पोराला बोया, म्हणजे पाण्यात साखळीने बांधलेली तरंगती खूण, काय ते लहानपणापासून माहीत असतंय, आपल्याला घाट उतरून जावं लागतं. पण नीट शिकलं तर दोन संध्याकाळी पुरतात.

पहिली गोष्ट, रंग बघून थांबू नका, घड्याळ काढा. मी जहाजावर नवीन असताना रात्रीच्या लुकआऊटला उभा होतो, लांब पांढरा दिवा लुकलुकला, मी मोठ्याने सांगितलं लाईटहाऊस दिसलं म्हणून. ड्युटीवरच्या साहेबांनी एवढंच विचारलं, किती सेकंदांचं? मला सांगता आलं नाही. किनाऱ्यावर पांढरे दिवे शेकड्याने असतात, हॉटेलचे, रस्त्याचे, देवळाचे, त्यातून दीपगृह वेगळं कळतं ते त्याच्या तालावर. आसपासच्या दीपगृहांचा ताल एकसारखा ठेवत नाहीत, कोणाचे १० सेकंदात उजेडाचे दोन झटके, कोणाचा २० सेकंदात एक, आणि तो ताल चार्टवर, म्हणजे समुद्राच्या नकाशावर लिहिलेला असतो.

मोजायचं कसं? मोबाईलचं स्टॉपवॉच घ्या, लागोपाठच्या झटक्यांचा एक गट धरा, त्या गटाचा पहिला झटका दिसला की चालू करा, पुढच्या गटाचा पहिला झटका दिसला की बंद. मधल्या अंधाराचे सेकंद वेगळे मोजत बसायचं नाही, सुरुवात ते सुरुवात. असं तीनदा करा, तिन्ही आकडे जुळले तरच धरा. चार्टवर छोटी अक्षरं असतात: एफ-एल म्हणजे झटका, अंधार जास्त उजेड कमी. ओ-सी त्याच्या उलट, उजेड जास्त आणि मध्येच डोळा मिटल्यासारखा अंधार. आय-एस-ओ म्हणजे दोन्ही सारखे. क्यू म्हणजे भराभर, मिनिटाला साधारण ५० ते ६०. पुढे दिव्याची उंची मीटरमध्ये आणि किती सागरी मैलांवरून दिसतो ते.

किती लांबून दिसणार याचा हिशोब आपला आपण करता येतो. दिव्याच्या उंचीचं वर्गमूळ, आपल्या डोळ्याच्या उंचीचं वर्गमूळ, दोन्हींची बेरीज गुणिले २.०८, उत्तर सागरी मैलात. दिवा ८१ मीटरवर आणि तुम्ही होडीच्या केबिनवर ४ मीटरवर असाल तर ९ अधिक २ म्हणजे ११, गुणिले २.०८ म्हणजे जवळपास २३ मैल, किलोमीटरमध्ये ४२ च्या आसपास. पृथ्वी गोल असल्यामुळे हे असं. राजहंसगडावर चढल्यावर जसे लांबच्या गावांचे दिवे दिसायला लागतात तसंच. अर्थात हवा स्वच्छ पाहिजे आणि दिवाही तेवढा जोराचा पाहिजे, चोर्ला घाटात धुकं पडलं की समोरच्या ट्रकचा लाईट दिसत नाही तिथे दीपगृहाचं काय घेऊन बसलाय.

आता बोया. हा भाग नीट घ्या, इथेच सगळे चुकतात.

पूर्वी देशोदेशीच्या पद्धती वेगळ्या होत्या, एका ठिकाणचा लाल दुसरीकडे उलटा. १९८० मध्ये जगाने मिळून एक पद्धत ठरवली, तरी दोन विभाग राहिलेच. आपला भारत ए विभागात, अमेरिका खंड, जपान, कोरिया आणि फिलिपिन्स बी मध्ये, तिथे लाल हिरवं उलटं. आपल्याकडे समुद्रातून बंदरात शिरताना डाव्या हाताला लाल, उजव्या हाताला हिरवा. लाल बोयाचा आकार डब्यासारखा सपाट, हिरवा वर निमुळता शंकू. मी भाच्याला एकच शब्दजोड दिली, डावा डबा. डावीकडे डबा आणि डबा लाल. जहाजाच्या स्वतःच्या डाव्या अंगालाही लाल दिवाच असतो, म्हणजे आत येताना लालच्या बाजूला लाल. बाहेर जाताना सगळं उलट होतं हे मात्र विसरू नका.

पणजीला जाल तेव्हा हे करून बघा. मांडवी पूर्वेकडून येऊन पश्चिमेला समुद्राला मिळते, तर समुद्रातून आत येणाऱ्या बार्जचा, म्हणजे सपाट मालवाहू बोटीचा डावा हात उत्तरेला, म्हणजे वेरें बेतीच्या अंगाला, आणि पणजी उजव्या अंगाला. फेरीबोटीत उभं राहून तोंड पूर्वेकडे करा आणि स्वतःला बार्जवाला समजा, मग पाण्यात रंगीत बोया दिसला की तो कुठल्या काठाचा ते आपोआप कळेल. रात्री बोयाचा दिवा लुकलुकतो, होडीचा बाजूचा दिवा सलग जळतो, दोघांत गल्लत करू नका.

खडक किंवा उथळ जागा असेल तर पिवळ्या काळ्या रंगाची दिशादर्शक खूण लावतात. उत्तरेची खूण म्हणजे माझ्या उत्तरेकडून जा, तिथे पाणी सुरक्षित आहे. वर दोन काळे शंकू असतात, उत्तरेला दोन्ही टोकं वर, दक्षिणेला दोन्ही खाली. पूर्वेला बुडाला बूड लागलेलं, शंकरपाळीसारखं दिसतं. पश्चिमेला टोकाला टोक, म्हणजे डमरू. आणि शंकूचं टोक ज्या बाजूला, बोयावर त्याच बाजूला काळा पट्टा, त्यामुळे एक लक्षात राहिलं की दुसरं पाठ करावं लागत नाही. रात्रीचं तर याहून सोपं आहे, भिंतीवरचं घड्याळ आठवा, तीनच्या जागी पूर्व म्हणून ३ झटके, सहाच्या जागी दक्षिण म्हणून ६ झटके आणि शेवटी एक लांब झटका, नऊच्या जागी पश्चिम म्हणून ९, आणि बारावर उत्तर, तिथे मोजणी नाही, भराभर झटके सतत चालूच. दक्षिणेचा तो लांब झटका मुद्दाम ठेवलाय, लाटांत बोया हलत असतो, एखादा झटका चुकला तर सहाचे नऊ वाटू नयेत म्हणून.

बाकीचे पटकन सांगतो. काळा बोया त्यावर लाल पट्टा आणि वर दोन काळे गोळे, म्हणजे इथेच खाली धोका, पण आजूबाजूला पाणी आहे, रात्री पांढरे दोन झटके. लाल पांढरे उभे पट्टे आणि वर लाल गोळा, चहूबाजूंनी मोकळं पाणी. पिवळा आणि वर गुणाकाराची खूण, विशेष जागा, पाईपलाईन वगैरे. नवीन बुडालेल्या जहाजाला निळे पिवळे उभे पट्टे लावतात, २००२ मध्ये इंग्लिश खाडीत बुडालेल्या ट्रायकलर जहाजावर नंतर दुसरी जहाजं आदळली, त्यानंतर ही खूण आली.

एक गोष्ट मनापासून सांगतो, बोयावर दीपगृहाइतका भरवसा ठेवू नका. तळाला सिमेंटचा जड ठोकळा, त्याला साखळी, आणि साखळी खोलीपेक्षा लांब असते, म्हणून भरती ओहोटीला बोया जागेवरून सरकतो, वादळात साखळी तुटून वाहूनही जातो. आता सोलर पॅनल आणि एलईडीचे हलके प्लास्टिकचे बोया आलेत, काही ठिकाणी पाण्यात काहीच नसतं आणि फक्त एआयएसच्या, म्हणजे रेडिओवरून जहाजांची आणि खुणांची जागा दाखवणाऱ्या यंत्राच्या स्क्रीनवर खूण दिसते. पण जीपीएसचा सिग्नल कोणी बिघडवला तर स्क्रीनही चुकते, म्हणून डोळ्याने दीपगृह मोजता आलंच पाहिजे. बोयाला होडी बांधायची नाही, चढायचं नाही, फोटोसाठीसुद्धा नाही, त्याचं नुकसान करणं गुन्हा आहे, १९२७ च्या जुन्या लाईटहाऊस कायद्याच्या जागी आता २०२१ चा कायदा आहे.

घरी सराव असा करा. एकाने गच्चीवर टॉर्च घेऊन उभं राहायचं, मनात एक खूण ठरवायची, तेवढे झटके द्यायचे, दुसऱ्याने शेताच्या बांधावरून किंवा पुढच्या गल्लीतून घड्याळ लावून ओळखायचं. लोडशेडिंगची रात्र असेल तर उत्तम. मग एक रविवार काढा, आंबोलीमार्गे वेंगुर्ला किंवा चोर्लामार्गे आग्वाद. आग्वादचा किल्ला १६१२ चा, आत जुनं चार मजली दीपगृह आहे, ते आता बंद, नवं जवळच आहे. कारवारला जात असाल तर नौदलाचा भाग आहे, फोटो काढायच्या आधी विचारा. कुठेही जा, सूर्य मावळायच्या अर्धा तास आधी किनाऱ्यावर पोचा, म्हणजे मनोरा उजेडात बघून ठेवता येतो आणि मग पहिला झटका कुठून येणार ते माहीत असतं. वही न्या, पेन न्या, वेळ, दिशा, झटके, सेकंद एवढे चार रकाने आखून ठेवा. भाचा पुढच्या अमावास्येला वेंगुर्ल्याला जाणार आहे, आकडे लिहून आणल्यावर मी चार्ट उघडणार, आधी नाही.