एसएसएलसीच्या विज्ञानातले बदल शिक्षकांना सांगताना या चुका टाळा

कर्नाटकातल्या खानापूर-निपाणीकडच्या मराठी शाळांतल्या विज्ञान शिक्षकांना एसएसएलसीत, म्हणजे इकडच्या दहावीच्या बोर्ड परीक्षेत, काय बदललं ते सांगायचं काम अधूनमधून माझ्या गळ्यात पडतं. सांगणारे बदलतात, चुका त्याच.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे कन्नड सर्क्युलर आदल्या रात्री मोबाईलवर मराठी करायचं आणि सकाळी तसंच वाचून दाखवायचं. ही मी स्वतः केलीय. कन्नडमध्ये ‘क्षार’ म्हणजे अल्कली, पाण्यात विरघळणारी आम्लारी (बेस). आपल्या मराठीत क्षार म्हणजे सॉल्ट, ज्याला कन्नडमध्ये ‘लवण’ म्हणतात. शब्द ओळखीचा दिसला की कोण थांबतंय! मी फळ्यावर नमुना प्रश्न लिहिला, ‘क्षारांचा लाल लिटमसवर काय परिणाम होतो?’ आणि खाली ऐटीत उत्तर: निळा होतो. मागच्या बाकावरच्या एक बाई उठल्या. “सर, मीठ क्षारच की. मग दाखवा बघू करून.” कुणाच्या तरी डब्यातलं मीठ आलं, स्टीलच्या पेल्यात पाणी आलं. कागद लाल तो लालच. धुण्याचा सोडाही क्षार आणि तो लिटमस निळा करतो, असं म्हणून निसटता आलं असतं, पण सगळा वर्ग पेल्यात डोकावत होता.

तेव्हापासून आधी कन्नड मजकूर मोठ्यानं वाचतो, मग फळ्यावर तीन रकाने: कन्नड शब्द, मराठी शब्द, उदाहरण. प्रत्याम्ल, आम्लारी, कॉस्टिक सोडा. लवण, क्षार, मीठ. पाऊण तास जातो. नव्या रिसोर्स पर्सनना, म्हणजे प्रशिक्षण देणाऱ्यांना, तो फुकट गेल्यासारखा वाटतो, कारण त्यांना स्लाइड संपवून बस गाठायची असते.

कोल्हापूरहून आणलेली गाईडं वाटू नका. तिकडे विज्ञानाचे 40-40 गुणांचे दोन पेपर. आपल्याकडे 80 चा एकच, त्यात भौतिक, रसायन आणि जीव असे तीन भाग. वेळ 3 तास 15 मिनिटं, त्यातली 15 मिनिटं प्रश्नपत्रिका वाचायला.

‘परीक्षा 2 म्हणजे नापासांची जुनी पुरवणी परीक्षाच’ असंही सांगू नका. 2023-24 मध्ये एका वर्षात तीन परीक्षांची पद्धत आली. पास झालेलं पोरही गुण वाढवायला बसू शकतं, आणि जास्तीचे गुण धरले जातात.

अंतर्गत मूल्यमापनाचे 20 गुण वर्षअखेरीला एका बैठकीत भरणाऱ्यांशी मी वाद घालणं सोडलंय. मी प्रयोग झाला त्याच दिवशी वहीत लाल पेनानं गुण आणि तारीख टाकतो, एवढंच.

आणि दारातूनच “सर, ब्लूप्रिंट टाका की ग्रुपवर” म्हणणारे. ब्लूप्रिंट, म्हणजे कुठल्या धड्याला किती गुण याचा तक्ता, मी जेवणानंतरच काढतो. एकदा सकाळी दाखवली होती. दहा मिनिटांत फोटो काढून झाले आणि अर्धा वर्ग चहाला गेला तो परत आलाच नाही.