गुडघा बदलल्यानंतर या चुका टाळा; माझ्या करून झाल्या आहेत

ऑपरेशननंतर भेटायला येणारा प्रत्येक जण एकच विचारतो, "किती वाकतो गुडघा?" सरळ किती होतो, हे कुणी विचारत नाही. माझी पहिली चूक तिथेच झाली.

घरी आल्या आल्या सुनेने मायेने गुडघ्याखाली उशी दिली. काय बरं वाटलं म्हणून सांगू! पाय अर्धवट वाकलेला असला की सांध्यावरचा ताण कमी होतो. पण तासन्‌तास तसाच ठेवला तर मागची बाजू आखडते आणि गुडघा पूर्ण सरळ होईनासा होतो. मग चाल लंगडी होते, नुसतं उभं राहिलं तरी मांडी भरून येते. दुसऱ्या आठवड्यात फिजिओथेरपिस्ट बाई आल्या, उशी उचलली आणि गुंडाळलेला टॉवेल घोट्याखाली ठेवला. गुडघा अधांतरी. वर मांडी आवळून गुडघा खाली दाबायचा, पाच आकडे मोजायचे, सोडायचा. बघणाऱ्याला वाटतं बाई नुसती झोपली आहे. इकडे घाम फुटलेला असतो.

दुसरी चूक गोळीची. "सवय लागेल" म्हणून मी दुखण्याची गोळी टाळत होते. दुखतं म्हणून व्यायाम नाही, व्यायाम नाही म्हणून सांधा आखडतो, आखडला की आणखी दुखतं. डॉक्टरांनी लिहून दिलेली गोळी व्यायामाआधी अर्धा-पाऊण तास घेतली तर हे चक्र तुटतं. पहिल्या तीन महिन्यांत गुडघा आखडलेलाच राहिला तर भूल देऊन वाकवावा लागू शकतो. ते ऐकल्यावर मी मुकाट्याने गोळी घेतली.

तेल-मालिशवाल्या काकू प्रत्येक सोसायटीत असतात. त्यांना चहा द्या, पाय देऊ नका. ताज्या टाक्यांवर तेल नको आणि सुजलेल्या गुडघ्याला गरम शेकही नको. कापडात गुंडाळलेला बर्फ 15-20 मिनिटं ठेवा. पोटरी तर मुळीच चोळून घेऊ नका. तिथे रक्ताची गुठळी झालेली असू शकते. पोटरी दुखायला, सुजायला लागली, ताप आला किंवा जखम पाझरली तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. अचानक दम लागला किंवा छातीत दुखलं तर थेट हॉस्पिटल.

काठी दुखऱ्या बाजूच्या हातात धरू नका, दुसऱ्या हातात धरा. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा.

खरी घसरण मात्र सहाव्या आठवड्यात झाली. पाहुण्यांचं येणं थांबलं, रजा संपवून मुलगा कामावर गेला आणि सूज तशीच. ती तीन ते सहा महिने रेंगाळू शकते, हे मला उशिरा कळलं. त्यात नात्यातल्या एक वहिनी तिसऱ्या आठवड्यात बिनकाठीच्या चालतात, असा व्हिडिओ फिरत होता. त्या ईर्ष्येने मी एका सकाळी मंडईपर्यंत जाऊन आले. संध्याकाळी गुडघ्याचा भोपळा झाला आणि पुढचे दोन दिवस अंथरुणात. नंतर समजलं, ऑपरेशनआधी सांधा किती हलत होता यावर पुढचं बरंच अवलंबून असतं. वहिनींचा आधीपासूनच चांगला वाकत होता. आता माझं माप साधं आहे. संध्याकाळची सूज सकाळपर्यंत उतरली नाही, तर काल जास्त झालं. आज कमी करायचं, बंद नाही.

उत्साहाची वाट पाहणंही मी सोडलं. कॅलेंडरवर जिथे दुधाचे खाडे मांडते, त्याच चौकोनात चालल्याची मिनिटं लिहायला लागले. पहिला आकडा 4 होता. खाडा दुधाचा चालतो, आपला दिसला की डोळ्यांत खुपतो.

मांडी घालून बसायचं का, ते आपापल्या सर्जनना विचारा. माझे "नको" म्हणाले. यंदा गणपतीचे मोदक खुर्चीत बसून वळले. मुलगा म्हणाला, कळ्या पहिल्यापेक्षा नीट आल्यात. मग इतकी वर्षं जमिनीवर कशाला बसवलंत, असं मी त्याला विचारलं.