पंपाशेजारच्या विहिरीत पेट्रोल: गोव्यात तपास आणि सफाई करताना या चुका टाळा

पेट्रोल पंपाच्या गळतीचा तपास गोव्यात फसतो तो बहुतेक वेळा ऋतूचा हिशेब न धरल्यामुळे. आपल्या सड्यांवरचा (उंच पठारांवरचा) जांभा भोकाभोकांचा, त्याखाली शेडी म्हणजे मऊ चिकणमातीसारखा थर, आणि वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस. मे आणि ऑगस्टमधल्या भूजलपातळीत कित्येक मीटरांचा फरक पडतो. पेट्रोल पाण्यापेक्षा हलकं, त्यामुळे पाण्याबरोबर तेही जांभ्यात वर-खाली होतं आणि वाटेतल्या प्रत्येक भोकात थोडं थोडं अडकतं.

फक्त पावसाळ्यात नमुना घेणं

ऑगस्टमध्ये अडकलेलं पेट्रोल पाण्याखाली बुडालेलं असतं. तपासणीच्या बोअरमध्ये तवंग दिसत नाही, पाण्यात विरघळलेलं पेट्रोलही पातळ झालेलं असतं, अहवाल चांगला येतो आणि फाइल बंद होते. मेमध्ये पातळी उतरली की तेच पेट्रोल निथळून त्याच बोअरमध्ये जमतं. निदान मेअखेर आणि सप्टेंबर अशा दोन फेऱ्या झाल्याशिवाय ‘गळती नाही’ असं लिहू नका.

नाकावर भरवसा

बेंझीन हा पेट्रोलमधला विषारी घटक. पाण्यातल्या नुसत्या बेंझीनचा वास लिटरला सुमारे १० मिलिग्रॅमच्या आसपास जाणवतो. पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे ०.०१ मिलिग्रॅम, म्हणजे हजारपट कमी. बीएस-६ पेट्रोलमध्ये बेंझीन जास्तीत जास्त १ टक्का चालतं. तेवढं धरलं तर १ लिटर पेट्रोलमधलं बेंझीन सुमारे पावणेनऊ लाख लिटर पाणी त्या मर्यादेपर्यंत नेऊन ठेवतं. वास गेला म्हणून विहीर सुरू करू नका.

विहिरीत टीसीएल पावडर टाकून काही साधत नाही. ती जंतूंसाठी आहे. पाणी उकळलं तर बेंझीन स्वयंपाकघरातल्या हवेत येतं. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, विहिरीच्या तळाशी साचते आणि हवेत १.४ टक्के झाली की पेट घेऊ शकते. म्हणून विहिरीतला पंप मेन स्विचवरूनच बंद करा, तोही वाफ साचलेल्या जागेपासून दूर असेल तर, आणि कुणालाही आत उतरू देऊ नका.

टाकीचा डिप (काठीने मोजलेला साठा) जुळतो, म्हणजे गळती नाही

गळती टाकीपेक्षा पाइपच्या जोडांत, डिस्पेन्सरखाली किंवा टँकर रिकामा करतात त्या तोंडाशी असू शकते. तिथली झाकणं उघडून बघा, लाइनची प्रेशर टेस्ट करा. टाकीला भोक असलं तरी पावसाळ्यात बाहेरचं पाणी आतल्या पेट्रोलपेक्षा वर असतं. मग पेट्रोल बाहेर जाण्याऐवजी पाणी आत शिरतं. पेट्रोलमध्ये मिसळलेलं इथेनॉल ते पाणी ओढून घेतं, त्यामुळे पाणी ओळखायला डिपच्या काठीला लावतात ती साधी वॉटर पेस्ट रंग बदलेलच असं नाही. इथेनॉलमिश्रित पेट्रोलसाठी वेगळी पेस्ट मिळते, तीच वापरा.

आणि घाईने टाकी रिकामी करण्याआधी खड्ड्यातलं पाणी मोजा. २० हजार लिटरची रिकामी टाकी पूर्ण पाण्यात असेल तर तिला सुमारे २० टनांचा उचल बसतो. टाकी खाली धरून ठेवणारे पट्टे गंजलेले असतील तर ती फरशी फोडून वर येते आणि धड असलेले पाइपही तुटतात.

निरीक्षण बोअर चुकीचा बसवणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. स्लॉटेड (फटी पाडलेला) पाइप पावसाळी पातळीच्या १ मीटर वरपासून उन्हाळी पातळीच्या १ ते २ मीटर खालपर्यंत हवा. तो कायम पाण्याखाली राहिला तर तवंग बोअरमध्ये येतच नाही. ५० मिलिमीटरचा आट्यांचा पीव्हीसी पाइप घ्या. जोड चिकटवू नका, सॉल्व्हंट सिमेंटमधली द्रावकं नमुन्यात उतरतात. स्लॉटच्या वर निदान ६० सेंटिमीटर बेंटोनाइट (पाण्याने फुगणारी चिकणमाती) आणि त्यावर सिमेंट भरा, नाहीतर पंपाच्या आवारातलं पावसाचं पाणी सरळ आत जातं. शेडी फोडून खाली जाऊ नका.

कमीत कमी तीन बोअर, एका रेषेत नसलेले. पाइपच्या तोंडाची उंची लेव्हलिंगने घ्या, तेव्हाच प्रवाहाची दिशा कळते. रस्त्याचा उतार बघून ती ठरवू नका. सड्यावरचं पाणी उताराच्या पायथ्याशी झरीतून बाहेर येतं, म्हणून खालच्या कुळागराची (माड-पोफळीच्या बागेची) झरही यादीत घ्या.

बिसलेरीच्या बाटलीत नमुना

बेंझीन उडून जातं. ४० मिलिलीटरच्या काचेच्या कुप्या काठोकाठ भरा, उलट्या करून टिचकी मारा. बुडबुडा दिसला तर ती कुपी टाकून नवी भरा. उपसा मिनिटाला १०० ते ५०० मिलिलीटर ठेवा. हायड्रोक्लोरिक आम्लाने पीएच २ च्या खाली आणा, ४ अंशांवर ठेवा, १४ दिवसांत तपासणी करून घ्या. स्वच्छ बोअर आधी, तवंगाचा शेवटी.

मोठा पंप लावून उपसा

जोरात उपसलं की पातळी खाली ओढली जाते आणि तवंग कोऱ्या जांभ्यात पसरतो. आधी स्किमरने तवंग काढा. तवंग असताना जमिनीखाली हवा सोडू नका. वाफ शेजारच्या घराखाली जाते. व्हॅक्यूमने वाफ ओढायचं काम मार्च ते मेमध्ये करा, तेव्हाच अडकलेलं पेट्रोल उघडं पडतं. पावसाळ्यात तीच भोकं पाण्याने भरलेली असतात आणि ब्लोअर नुसतं पाणी ओढत बसतो. उपसलेलं पाणी तेल वेगळं करून, सक्रिय कार्बनमधून काढून, प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या परवानगीनेच सोडा, गटारात नाही.

आकडे उतरले की यंत्रणा बंद करण्याचा मोह होतो. दगडात अडकलेलं बेंझीन नंतर पुन्हा पाण्यात उतरतं. बंद केल्यावर पुढचा मे आणि पुढचा सप्टेंबर, दोन्ही वेळा सगळे बोअर आणि शेजारची विहीर तपासा. दोन्ही फेऱ्या मर्यादेत आल्या तरच शेजाऱ्यांना पाणी प्यायला सांगा. तोवर त्यांच्या पाण्याच्या टँकरची सोय चालू ठेवा.